मदतीची हाक ‘स्पॅम’ ठरते तेव्हा!

२०२१ च्या एप्रिल महिन्यातील त्या रात्री आम्ही अजून विसरलेलो नाही. कोरोनाची दुसरी लाट नागपुरात शिरली होती. उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीत रोज कोणत्या ना कोणत्या घरातून रडण्याचा आवाज येत होता. न्यायालयातील कामकाज जवळजवळ थांबले होते. काळा कोट खुंटीला टांगून आम्ही आणि वस्तीतील आठ-दहा मुले-मुली विहाराशेजारच्या खोलीत मोबाइल घेऊन बसलो होतो. कोणत्या दवाखान्यात खाट रिकामी आहे, ऑक्सिजनचा सिलिंडर कोठे भरून मिळतो, रुग्णवाहिका कोणाकडे आहे याची यादी करायची, प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करायची आणि मग ती यादी समाजमाध्यमावरील गटांत टाकायची, एवढेच आमचे काम होते.

एका रात्री साडेदहा वाजता एका दवाखान्यात चार खाटा रिकाम्या असल्याचे कळले. आम्ही तसा निरोप सगळीकडे पाठवला. बारा वाजायच्या आत चारही खाटा भरल्या. लगेच दुसरा निरोप लिहिला, “त्या दवाखान्यात आता जागा नाही, तिकडे जाऊ नका.” हा निरोप पंधरा-वीस गटांत गेला आणि आमचे खाते बंद पडले. तुमच्या खात्यावरून स्पॅम पाठवले जात आहे म्हणून ते थांबवले आहे, अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर आली. खाली एक अर्ज होता. तो आम्ही तीनदा भरला. तीनदा यंत्राने लिहिलेले एकच उत्तर आले. पहिला निरोप मोकळा फिरत राहिला आणि त्याची दुरुस्ती मात्र अटकेत पडली!

रात्री एकच्या सुमारास वस्तीतील एक मुलगा आपल्या वडिलांना ऑटोत घालून त्याच दवाखान्यात गेला. फाटकावरूनच त्याला परत पाठवले. दुसरीकडे खाट मिळेपर्यंत दोन तास गेले. पाचव्या दिवशी वडील वारले. काही दिवसांनी तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो एवढेच म्हणाला, “वकीलसाहेब, तुमचाच मेसेज वाचून गेलो होतो.”

त्या दोन तासांमुळेच ते गेले, असे आम्ही म्हणणार नाही. वकील म्हणून आम्हाला ठाऊक आहे की असा कार्यकारणभाव कोणत्याही न्यायालयात सिद्ध होणार नाही. आमचे खाते तिसऱ्या दिवशी आपोआप सुरू झाले. कारण कळवले नाही, दिलगिरी नाही. प्रश्न असा की, त्या दोन तासांचा हिशोब मागायचा कोणाला? हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

यंत्राला काय दिसते?

स्पॅम म्हणजे न मागता माथी मारलेला कचरा मजकूर. लॉटरी लागल्याचे खोटे निरोप, फसव्या कर्जाच्या जाहिराती, बँकेच्या नावाने येणारी जाळी. हा कचरा गाळण्यासाठी कंपन्यांनी संगणकीय गाळण्या बसवल्या. त्या नसत्या तर आपले मोबाइल एका दिवसात उकिरडा झाले असते, हे मान्य केले पाहिजे. सुपाने धान्य पाखडताना फोलपट उडावे आणि दाणा सुपात राहावा, एवढीच या गाळणीकडून अपेक्षा असते.

पण ही गाळणी मजकुराचा अर्थ समजून घेण्यापेक्षा पाठवणाऱ्याची वागणूक मोजण्यावर जास्त भर देते. एकच मजकूर थोड्या वेळात अनेक ठिकाणी गेला का? खाते नवे आहे का? ज्यांना पाठवले ते पाठवणाऱ्याच्या ओळखीचे आहेत का? मजकुरासोबत एखाद्या संकेतस्थळाचा दुवा आहे का? त्याविरुद्ध अनेकांनी तक्रारी केल्या आहेत का? अशा खुणांची बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली की दार बंद होते.

आता चळवळीतील कार्यकर्ता संकटाच्या वेळी काय करतो ते पाहा. गावात बहिष्कार पडला, वस्तीवर हल्ला झाला, पुरात माणसे अडकली, की तो एकच मजकूर थोड्या वेळात अनेक गटांत टाकतो. मजकूर बदलत नाही, कारण क्रमांक आणि पत्ता बदलून चालत नाही. तो अनोळखी लोकांनाही पाठवतो, कारण मदत कोठून येईल हे त्याला ठाऊक नसते. पुष्कळदा त्याचे खाते नवे असते, कारण जुने कोणीतरी तक्रारी करून बंद पाडलेले असते. ज्यांच्याविरुद्ध बातमी असते ते पन्नास-शंभर जण ठरवून तिच्याविरुद्ध तक्रारी नोंदवतात. म्हणजे स्पॅम ओळखण्याच्या जेवढ्या खुणा, तेवढ्या सगळ्या कार्यकर्त्याच्या अंगावर आहेत! साधनहीन माणसाची हाक मारण्याची पद्धत आणि भामट्याची जाळे टाकण्याची पद्धत यंत्राच्या डोळ्याला सारखीच दिसते.

येथे पैशाचा भेदही लक्षात घेतला पाहिजे. तोच मजकूर तेवढ्याच लोकांपुढे पैसे भरून नेला तर त्याला जाहिरात म्हणतात. जाहिरातीचीही तपासणी होते, नाही असे नाही. पण एकच गोष्ट लाखो लोकांना सांगणे हा तिचा गुन्हा ठरत नाही. तो गुन्हा फक्त फुकट हाक मारणाऱ्याचा ठरतो.

जगभराचा अनुभव

हे केवळ आमच्या वस्तीत घडले असते तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. १७ मार्च २०२० रोजी, कोरोनाची साथ जगभर पसरत असतानाच, फेसबुकच्या स्पॅमविरोधी यंत्रणेत बिघाड झाला आणि नामांकित वृत्तसंस्थांच्या कोरोनाविषयीच्या बातम्यासुद्धा स्पॅम म्हणून काढल्या गेल्या. कंपनीने चूक कबूल करून मजकूर परत ठेवला. बातमी मोठ्या वृत्तपत्रांची होती म्हणून बोभाटा लगेच झाला. वस्तीतील कार्यकर्त्याच्या मजकुराचा बोभाटा कोण करणार?

मे २०२१ मध्ये इन्स्टाग्रामवर याहून बोलके उदाहरण घडले. पूर्व जेरुसलेममधील शेख जर्राह वस्तीतून पॅलेस्टिनी कुटुंबांना घराबाहेर काढण्याचा प्रश्न तेव्हा पेटला होता. कोलंबियात सरकारविरोधी आंदोलनावर पोलिसांची दडपशाही सुरू होती. ५ मे हा दिवस अमेरिका आणि कॅनडातील मूलनिवासी समाज आपल्या बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थ पाळतो. या तिन्ही विषयांवरचा मजकूर एकाच सुमारास लोकांच्या खात्यांवरून नाहीसा झाला. कंपनीने खुलासा केला की हा जगभरचा तांत्रिक बिघाड होता, अनेकांनी पुन्हा पुन्हा पुढे पाठवलेला मजकूर त्यामुळे गायब दिसू लागला, कोणत्याही एका विषयाला लक्ष्य केलेले नव्हते.

हा खुलासा आम्ही खरा मानतो. पण तो खरा मानल्यावर प्रश्न संपत नाही, उलट सुरू होतो. दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवणे ही कोणाची गरज आहे? ज्याच्याकडे स्वतःचा कॅमेरा, वार्ताहर, वाहिनी नाही, त्याची! म्हणून बिघाड सर्वांसाठी सारखा असला तरी त्याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. गावाची विहीर आटली तर ज्याच्या घरी नळ आहे त्याला ते कळतही नाही.

त्याच महिन्यात ‘अल-अक्सा’ या शब्दाची खूण असलेला मजकूर अडवला गेला. अल-अक्सा ही जेरुसलेममधील मशीद. जगातील कोट्यवधी मुसलमानांना ती पवित्र आहे आणि त्या दिवसांत तेथेच पोलिसी कारवाई चालू होती. पण अमेरिकेने निर्बंध घातलेल्या एका संघटनेच्या नावातही हाच शब्द आहे, म्हणून तो बंदीच्या यादीत चुकून घातला गेला होता. पुढे कंपनीनेच नेमलेल्या एका सल्लागार संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये अहवाल दिला. अरबी मजकुरावर गरजेपेक्षा जास्त कारवाई झाली, तर हिब्रू भाषेतील विद्वेषी मजकूर ओळखणारी यंत्रणाच त्या वेळी नव्हती, असे त्यात नोंदवले आहे. हेतू नसतानाही परिणाम पक्षपाती होऊ शकतो, हे त्या अहवालाचे सार. जातिव्यवस्थेने होरपळलेल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुराव्याचे काय होते तेही पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये यूट्यूबने हिंसक मजकूर ओळखणारी नवी स्वयंचलित यंत्रणा लावली आणि सीरियातील युद्धाच्या हजारो चित्रफिती नाहीशा झाल्या. त्यांतील कित्येक अत्याचारांची नोंद ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांनी जिवावर उदार होऊन चढवलेल्या होत्या. योगायोग असा की, त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट २०१७ रोजी, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातील एका लष्करी अधिकाऱ्याविरुद्ध अटक वॉरंट काढले, आणि त्याला आधार होता समाजमाध्यमांवर आलेल्या चित्रफितींचा. म्हणजे एका हाताने न्यायालय ज्या गोष्टीला पुरावा म्हणत होते, तीच गोष्ट दुसरीकडे यंत्र कचरा म्हणून फेकत होते.

म्यानमारमध्ये २०१७ साली रोहिंग्यांवरील अत्याचाराच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांचा मजकूर फेसबुकवरून काढला गेला, काहींची खातीही बंद झाली. त्याच फेसबुकवर रोहिंग्यांविरुद्ध विद्वेष कसा बेलगाम पसरत होता, हे २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने जगासमोर मांडले. आपण पुरेसे केले नाही, हे कंपनीनेही त्याच वर्षी मान्य केले. आम्ही बौद्ध आहोत, म्हणून बौद्धबहुल देशातील हा इतिहास लिहिताना आमची मान खाली जाते. पण तो लिहिलाच पाहिजे. मारणाऱ्याचा मजकूर राहिला आणि मार खाणाऱ्याचा गेला, तो कोणत्या देशात आणि कोणाच्या राज्यात गेला याने अन्याय बदलत नाही.

आमच्या घरचा इतिहास

आपल्या समाजाला बातमीचे मोल कोणी शिकवायला नको. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. तीही एक गाळणीच होती. फरक एवढाच की तिला चेहरा होता, पत्ता होता, आणि तिने नकार दिला हे शंभर वर्षांनंतरही नाव घेऊन सांगता येते. आजची गाळणी नकारही देत नाही. तुमचा मजकूर तुम्हाला तुमच्या पडद्यावर दिसत राहतो, फक्त तो दुसऱ्या कोणाला दिसत नाही!

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आम्ही तेव्हा नुकतीच वकिलीची सनद घेतली होती. प्रस्थापित वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी कित्येक आठवडे त्या हत्याकांडाला जे स्थान द्यायला हवे होते ते दिले नाही. ती बातमी गावोगाव नेली ती कार्यकर्त्यांच्या पत्रकांनी, सत्यशोधन समित्यांच्या अहवालांनी, ई-मेलने आणि एसएमएसने. नोव्हेंबरमध्ये विदर्भातील रस्त्यांवर माणसे उतरली ती त्या पत्रकांमुळे आणि एसएमएसमुळे. आम्हीही तेव्हा रात्र रात्र जागून एकच एसएमएस ओळखीच्या आणि अनोळखी अशा शेकडो लोकांना पाठवला होता. आजच्या गाळणीच्या भाषेत ते शुद्ध स्पॅम होते. ते स्पॅम अडवले गेले असते तर खैरलांजीचे नाव किती जणांना कळले असते?

रैनपाड्याची आठवण

मग गाळणीच नको, असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात रैनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. त्यामागे मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवा होत्या. मेले ते आपलेच लोक, पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारे. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम केला. या मर्यादांना आमचा विरोध नाही. अफवेचा पहिला बळी नेहमी दुबळाच असतो.

पण मर्यादा आणि शिक्षा यांत फरक आहे. पाच ठिकाणी पाठवा, सहाव्या ठिकाणी पुन्हा पाठवा, हा सर्वांना माहीत असलेला, सर्वांना सारखा लागू असलेला नियम झाला. कारण न सांगता खाते बंद करणे, मजकूर गडप करणे, त्याचा प्रसार गुपचूप आखडणे, ही शिक्षा झाली. शिक्षेपूर्वी दुसरी बाजू ऐकून घ्यावी, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व आहे. तलाठीसुद्धा नोंद बदलण्यापूर्वी नोटीस काढतो. मग लाखो लोकांचे बोलणे एका क्षणात बंद करणाऱ्या यंत्राला हे तत्त्व का नको?

कायदा काय म्हणतो?

या प्रश्नावर आपल्या देशात अगदीच अंधार नाही. २०११ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नकोशा जाहिरातींना आळा घालण्यासाठी दिवसाला किती एसएमएस पाठवता येतील याची मर्यादा घातली आणि पुढे ती २०० केली. जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मर्यादा व्यापारी नसलेल्या वैयक्तिक संदेशांपुरती रद्द ठरवली. जाहिरातदाराला लावायचा लगाम सामान्य नागरिकाच्या तोंडाला बांधता येत नाही, हा त्या निकालाचा आशय. आज या निकालाची आठवण कोणी काढत नाही, म्हणून आम्ही ती मुद्दाम काढत आहोत.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. ३० एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे आमचे खाते बंद पडले त्याच महिन्याच्या शेवटी, सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले की समाजमाध्यमांवर ऑक्सिजन, खाटा, औषधे यांसाठी हाक मारणाऱ्या नागरिकांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल. त्या आदेशाने पोलिसांचा हात रोखला. पण यंत्राला अवमानाची नोटीस कशी बजावणार? दोनच दिवस आधी, २८ एप्रिलला, पंतप्रधानांच्या राजीनाम्याची मागणी करणारी खूण फेसबुकवर काही तास अडवली गेली होती. सरकारने सांगितले म्हणून नव्हे, चुकून अडवली, असे कंपनीने सांगितले. चूक झाली, विषय संपला!

फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत काही चांगल्या तरतुदी आहेत. ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढला तर आधी कारणासह सूचना द्यावी, वापरकर्त्याला दाद मागण्याची वाजवी संधी द्यावी, स्वयंचलित यंत्रणेवर माणसाची देखरेख असावी, असे ते म्हणतात. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने त्यात भर घातली की कंपन्यांनी नागरिकांच्या घटनेच्या कलम १४, १९ आणि २१ खालील हक्कांचा मान राखावा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येते. शिवाय कौशल किशोर खटल्यात ३ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने बहुमताने म्हटले आहे की कलम १९ आणि २१ खालील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. वकिलांसाठी हे मोठे दार उघडले आहे.

मग अडते कोठे? पहिली पळवाट अशी की, सूचनेची ही सक्ती नियमांतील एका ठरावीक यादीतील मजकुराला जोडलेली आहे आणि त्या यादीत ‘स्पॅम’ हा शब्द नाही. कंपनी सहज म्हणू शकते की आम्ही त्या यादीखाली नव्हे, आमच्या सेवाशर्तींखाली कारवाई केली. दुसरी पळवाट, मजकूर ‘काढला’ तर सूचना, पण त्याचा प्रसार आखडला तर काय, याबाबत नियम मुका आहे. तिसरी गोष्ट वेळेची. २०२१ च्या नियमांनी तक्रार निकाली काढायला १५ दिवसांची मुदत ठेवली होती. ऑक्सिजनच्या यादीचे आयुष्य दोन तासांचे! पंधरा दिवसांनी मिळालेला न्याय त्या मुलाच्या वडिलांच्या काय कामाचा? संकटाच्या बातमीत वेळ हाच मजकूर असतो. उशिरा सोडलेली बातमी ही सोडलेली नव्हे, मेलेली बातमी असते.

यावर काही जण सुचवतील की हा अधिकार सरकारकडेच द्यावा. आम्हाला तेही मान्य नाही. कोणती बातमी खोटी हे सरकारी तथ्य तपासणी कक्षाने ठरवावे, ही २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली, ते योग्यच झाले. कंपनीच्या हातातील कात्री काढून मंत्रालयाच्या हातात देणे हा इलाज नव्हे. इलाज एकच, ज्याच्या हाती कात्री असेल त्याला जाब देण्याची सक्ती.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. स्पॅम म्हणून केलेल्या प्रत्येक कारवाईची, प्रसार आखडण्याचीसुद्धा, कारणासह सूचना संबंधिताला मिळालीच पाहिजे. पूर, साथ, दंगल, अत्याचार अशा प्रसंगी आलेली तक्रार स्थानिक भाषा जाणणाऱ्या माणसाने काही तासांत पाहिलीच पाहिजे. चुकीने केलेल्या कारवायांची संख्या भाषावार प्रसिद्ध झाली पाहिजे, म्हणजे मराठीच्या वाट्याला काय येते ते कळेल. आणि काढलेला मजकूर पुराव्यादाखल ठरावीक काळ जतन केला पाहिजे.

आपण काय करायचे?

नियम बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसता येणार नाही. समाजबांधव आणि भगिनींनो, काही गोष्टी आजपासून करता येतील. संकटाचा निरोप एकाच खात्यावरून पन्नास गटांत टाकू नका. दहा जणांनी पाच-पाच गट वाटून घ्या. प्रत्येक निरोपावर तारीख, वेळ आणि कोणी खात्री केली ते लिहा. दुरुस्तीचा निरोप पाठवण्यासाठी एक खाते राखून ठेवा. हा धडा आम्ही फार महाग किमतीत शिकलो आहोत. अत्याचाराची चित्रफीत असेल तर मूळ फाइल, ज्या मोबाइलवर घेतली तो मोबाइल, दोन्ही जपून ठेवा. समाजमाध्यमावर चढवली म्हणजे ती सुरक्षित राहिली, असे समजू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्यासाठी जवळच्या वकिलाला लगेच गाठा. खाते बंद झाले तर पडद्यावरील सूचनेचा फोटो काढा, वेळ टिपा, तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, उत्तर पटले नाही तर ३० दिवसांच्या आत अपील करा. एकट्याची तक्रार यंत्र गिळते. शंभर तक्रारींचे गाठोडे मात्र उच्च न्यायालयापुढे ठेवता येते.

आणि एक गोष्ट. खाते बंद पडले त्या रात्री शेवटी एका मुलीने विहाराबाहेरचा धम्मवर्गाचा फळा रस्त्यावर आणून ठेवला. त्यावर खडूने दवाखान्यांची यादी लिहिली. दर तासाला ती पुसून नव्याने लिहायची. लोक मोटारसायकल थांबवून वाचू लागले, फोटो काढू लागले, घरोघर सांगू लागले. तो फळा कोणत्याही यंत्राला स्पॅम वाटला नाही. आम्ही तो आजही भिंतीला टेकवून ठेवला आहे, खडूचा डबा शेजारीच असतो. पण त्या फळ्याची हाक एका चौकापुरती पोहोचते. वडिलांना ऑटोत घालून निघालेला तो मुलगा दोन चौक पलीकडे राहत होता.

त्या दोन चौकांचे अंतर कापण्याचे साधन आज मूठभर कंपन्यांच्या हाती आहे. ते त्यांच्या मालकीचे असेल, पण त्यावरून जाणारी हाक आपली आहे. ती का अडवली, हे विचारण्याचा हक्क संविधानाने आपल्याला दिला आहे. तो वापरणे आपल्या हाती आहे.

जयभीम!